हिरवं बटण

दुकानदाराने आधी माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग समोरच्या करवतीकडे, आणि म्हणाला, "मिस्त्री, ह्येचा गार्ड काढता येतोय बरं का. दोन स्क्रू फिरवायचे, झालं."

ज्या हाताची दोन बोटं असल्याच पात्याने नेली, त्या हाताला हा माणूस पात्यावरचं झाकण कसं काढायचं ते शिकवत होता. तेही मशीनची मोठी सोय म्हणून. मला वाटलं, काउंटरवरचा हातोडा उचलून याच्यापुढे आपटावा. नवऱ्याने मात्र मान डोलावली. त्यालाही ती सोयच वाटली.

एक आधीच सांगून टाकते. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते आणि चारचौघांत त्याचं नाव घेत नाही. लिहिताना मात्र 'तो' असंच लिहिणार आहे. राग आला की मनात तो तसाच येतो, आणि गेले कित्येक महिने मी रागातच आहे.

नवरा सुतार आहे. सासऱ्यांच्या वेळी आमच्याकडे हातमागाची लाकडं दुरुस्तीला यायची. हातमाग गेले, तसं काम फर्निचरवर आलं, आणि फर्निचर म्हणजे आता प्लायवूड. प्लायवूडची अख्खी शीट सरळ रेषेत चिरायची तर टेबलात बसवलेली करवत पाहिजे. ती सहसा कोणाकडे नसते. मग आमच्याकडचे मिस्त्री एक करतात. हातात धरून चालवायचा कटर घेतात, एका फळीखाली उलटा कसतात, फळीला चीर पाडून पातं वर काढतात आणि खाली चार पाय ठोकतात. झालं टेबल.

त्यात एकच अडचण असते. कटर हातात धरायचा म्हणून बनवलेला, त्यामुळे त्याचं बटण बोटाने दाबून धरावं लागतं. बोट सुटलं की पातं थांबतं. ज्याने कोणी ते बनवलं त्याने विचार करूनच तसं ठेवलं असणार. पण टेबलाखाली उलट्या लटकलेल्या कटरचं बटण कोण दाबून धरणार? म्हणून ते बांधून टाकतात. कोणी तारेने बांधतं, कोणी चिकटपट्टीने. आमच्याकडे ते टॉवेलच्या काठाच्या चिंधीने बांधलेलं होतं, कारण आमच्या घरात चिंध्यांना तोटा नाही. मी घरी टॉवेलला शिलाई मारते. माझ्या मशीनला मोटर आहे. पाय उचलला की सुई थांबते, आणि पाय परत ठेवल्याशिवाय ती हलत नाही. इतकी साधी गोष्ट आहे.

त्या दिवशी दुपारी तो अंगणातल्या पत्र्याखाली काम करत होता आणि मी आत शिवत होते. लाइट गेली. आमच्या गल्लीत लाइट गेलेली कोणाला सांगावी लागत नाही. आजूबाजूचे यंत्रमाग बंद पडतात आणि कान एकदम मोकळे होतात. त्या शांततेत त्याने आवाज दिला, "चहा टाक गं, लाइट येईस्तवर." मी उठले. पात्याशेजारी लाकडाची एक पट्टी अडकून बसली होती, ती काढायला त्याने हात घातला. चहाला उकळी यायच्या आत लाइट आली. माझ्या डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. अंगणातलं पातंही फिरायला लागलं, कारण त्याचं बटण बांधलेलंच होतं.

पुढचं लिहीत नाही. ती चिंधी निळ्या काठाची होती, एवढं मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

बघायला आलेला प्रत्येक जण "थोडक्यात वाचला" म्हणाला. हातात बिस्किटाचा पुडा आणि तोंडात थोडक्यात. सुताराच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट गेलं, मधलं गेलं, आणि हे थोडक्यात! त्याच्या बरोबरीचे मिस्त्री आले तेव्हा तर कहर झाला. ओळीने कॉटवर बसले. एकाने आपला अर्धा अंगठा दाखवला, दुसऱ्याने करंगळी. "आता खरा मिस्त्री झालास बघ," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. अंगात ताप, हाताला एवढं मोठं बँडेज, आणि माझा नवराही त्यांच्यात हसत होता. मी कप उचलून आत गेले ती ते जाईपर्यंत बाहेर आले नाही.

जखम भरली. अंगठा आणि अनामिका यांच्यात पेन्सिल धरायला तो शिकला. रेघ पहिल्यासारखी येईना, पण येत होती. आणि एके सकाळी बघते तर हा परत त्याच टेबलापाशी उभा, खाली वाकून कटरची वायर तपासतोय.

"परत ह्याच्यावरच करणार?" मी विचारलं.

"मग काय? एकदा झालं म्हंजे रोज हुतंय का?"

"तुमची आठ बोटं राहिलीत."

"आटच लागत्यात," तो म्हणाला, आणि वर हसला.

तो बाहेर गेला तेव्हा मी कुऱ्हाड घेतली. कटर सोडवून ट्रंकेत टाकला, कुलूप लावलं. टेबलाचे तुकडे केले आणि बंबात घातले. प्लायवूडला चिकटवलेल्या सनमायकाचा घाण धूर गल्लीभर पसरला. शेजारीण नाकाला पदर लावून विचारायला आली, काय जळतंय म्हणून. मी म्हणाले, जे जळायला पाहिजे ते. त्या तापलेल्या पाण्याने मी डोक्यावरून अंघोळ केली. ट्रंकेची किल्ली मागायची त्याची हिंमत झाली नाही.

आता करवत घेणं आलंच. टेबलासकट असलेली, पण उचलून साइटवर नेता येईल अशी. त्याचं म्हणणं, हलकी पाहिजे, पातं मोठं पाहिजे, शीट टेकवायला टेबल रुंद पाहिजे, पाय दुमडता आले पाहिजेत. मुलगी बघायला निघाल्यासारखी त्याची यादी रोज वाढत होती. संध्याकाळी फोनवर परदेशातल्या सुतारांचे व्हिडिओ लावून बसायचा. डोळ्यांवर चष्मा, कानांवर टोप्या, पात्यावर झाकण. "ह्यांना कामाची घाईच न्हाय," तो म्हणायचा. मी शेजारी धागे कापत बसून बघायचे. त्यातल्या एकाने चालू मशीनची पिन काढली आणि परत लावली. मशीन गप्पच राहिलं. त्याने हिरवं बटण दाबलं तेव्हा कुठे पातं फिरलं. तेवढा तुकडा मी परत परत लावायला सांगितला. त्याला वाटलं मला त्या माणसाचं घर आवडलं.

करवतीतलं मला बाकी काही कळत नाही. मला एकच पाहिजे होतं. लाइट गेली की मशीन मेलं पाहिजे, आणि माणसाने आपल्या हाताने बटण दाबल्याशिवाय ते उठता कामा नये. राहिलेला हात त्याच्याजवळ राहायचा तर दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. पैशांचं म्हणाल तर मंगळसूत्र मोडलं वगैरे काही झालं नाही. तसं झालं असतं तर लोकांना ऐकायला बरं वाटलं असतं.

तर आम्ही सोलापूरच्या नव्या पेठेच्या मागच्या बाजूला त्या दुकानात उभे होतो. दुकानदार आणि त्याचा भाऊ, दोघं काउंटरवर.

"वहिनी, तुमी बसा की पंख्याखाली. आमी दाखवतो मिस्त्रींना."

"मी उभी राहते," मी म्हणाले. "हे मशीन चालू करा. आणि चालू असतानाच भिंतीवरचं बटण बंद करा."

"कशाला ओ?"

"करा तर."

ते मशीन हलकं होतं. नवऱ्याने एका हाताने उचलून बघितलं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर ठरलं होतं. दुकानदाराने मशीन चालू केलं, भिंतीवरचं बटण बंद केलं. पातं मंद होत होत थांबलं.

"आता लावा."

त्याने लावलं. मशीन अख्ख्या दुकानभर बोंबललं. नवरा झटकन मागे सरला आणि त्याचा उजवा हात डाव्या काखेत गेला. त्याने तो मुद्दाम नेला नाही, हात आपणहून गेला. एवढे महिने 'गेली ती गेली' म्हणत फिरणारा माणूस आत किती घाबरलेला आहे, ते मला त्या क्षणी कळलं. त्याच्याबद्दल इतकी माया मला लग्नानंतर क्वचितच वाटली असेल. मागोमाग राग आला, की हे त्याने मला एकदाही सांगितलं नाही.

दुकानदार भावाला हळूच म्हणाला, "कै नोड." हात बघ. माझं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं. मी म्हणाले, "ननग कन्नड बर्तद." मला कन्नड येतं, एवढंच. बिचाऱ्याची मान खाली गेली. मग तो आत जाऊन दुसरं मशीन घेऊन आला.

ते जड होतं. पुढच्या बाजूला एक हिरवं बटण आणि एक लाल. परत तोच खेळ केला. भिंतीवरचं बटण बंद, पातं थांबलं. भिंतीवरचं बटण चालू, आणि काहीच नाही. फक्त छताचा पंखा फिरत होता. मी परत करायला लावलं. परत गप्प. खिळ्यांच्या पोत्यांमध्ये उभी राहून मला रडू आलं. दुकानदार बघत होता, त्याचा भाऊ बघत होता, बघू देत म्हटलं.

"लई जड हाय गं," नवरा म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर कोण न्हेणार?"

"मी नेते."

"येडी हायेस का?"

"व्हय," मी म्हणाले आणि मशीनला हात घातला. दाराच्या उंबऱ्यापर्यंत नेलं. तिथे कंबर बोलायला लागली. त्याने दुसरी बाजू धरली. असं ते मशीन आमच्या घरी आलं.

गार्ड पहिल्याच दिवशी निघाला. लाकडात खाच पाडायची तर तो आडवा येतो, असं त्याचं म्हणणं, आणि तेवढं खरंही असेल. पण खाचेचं काम झाल्यावर परत लावायला काय झालं होतं? "हात बसलेला माणूस गार्ड लावत न्हाय. लोक हसत्यात," तो म्हणाला. दोन बोटं नसलेला माणूस लोक हसतील म्हणून घाबरत होता! मी भांडले, दोन दिवस अबोला धरला, आणि हरले. गार्ड माळ्यावर गेला. म्हटलं जाऊ दे, बटण तर आहे.

बटणाचाही त्याला वैताग होताच. साइटवर विजेचा दाब कमी-जास्त झाला की ते आपोआप सुटायचं आणि मशीन बंद पडायचं. उठून परत दाबावं लागायचं. जेवताना तक्रार चालायची, "तुज्या बटनानं आज डोस्कं खाल्लं माजं." तो असं म्हणाला की मला दोन घास जास्त जायचे. कामं परत मिळायला लागली होती. विजापूर रोडला एक बंगला झाला, मग जुळे सोलापुरात एका फ्लॅटचं स्वयंपाकघर मिळालं, दिवाळीच्या आत संपवायचं.

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्यात हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडतात. रंधे, पटाश्या, सासऱ्यांची जुनी करवत, आणि मधोमध झेंडूच्या माळा घातलेलं नवं मशीन. कुंकू अनामिकेने लावतात. ती शाबूत आहे, त्यामुळे पूजेत काही अडलं नाही. तो त्या दिवशी खुशीत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "आदी हिच्या बटनाची पूजा. आमच्या घरात देव एक आन् हे बटन एक." आणि पाण्यात कालवलेलं कुंकू त्या हिरव्या बटणावर भरभरून थापलं. वर अक्षता चिकटवल्या. नारळ फोडला आणि ओंजळीतलं पाणी सगळं तिथेच शिंपडलं. मी तोंडाला पदर लावून हसले. कितीतरी दिवसांनी हसले असेन. आज ते हसूच मला सगळ्यात जास्त झोंबतं.

दसरा झाला आणि काम परत सुरू झालं. बटणाची तक्रार मात्र बंद झाली. मला वाटलं, सवय झाली. बायकांना असं काहीबाही वाटतं आणि त्या समाधानात पोळ्या लाटत बसतात.

एक दिवस तो डबा विसरून गेला. मी रिक्षाने फ्लॅटवर घेऊन गेले. हॉलमध्ये मशीन चालू होतं, हवेत भुसा उडत होता, त्याने मला पाहिलंही नाही. मी दारातच थांबले, कारण त्याचं हात चालवणं बघायला मला अजूनही आवडतं. आणि लाइट गेली. पातं थांबलं. पात्याजवळ एक तुकडा अडकला होता. तो काढायला त्याने हात पुढे केला, आणि माझी नजर हिरव्या बटणावर गेली. तिथे बटण नव्हतं. चौकोनी भोक होतं, त्यावर काळी चिकटपट्टी, आणि खालून दोन वायरी बाहेर आलेल्या.

डबा हातातून कधी पडला माहीत नाही. भिंतीतल्या बोर्डापाशी गेले आणि पिन उपसली. थोड्या वेळात लाइट आली. वरच्या मजल्यावर कोणाचं तरी ड्रिल घरघरलं. आमचं मशीन गप्प होतं, कारण त्याची पिन माझ्या मुठीत होती. नवरा माझ्याकडे आणि फरशीवर सांडलेल्या आमटीकडे बघत होता.

"कुंकू गेलं आत," तो म्हणाला. "नारळाचं पानी गेलं. दाबलं की चिकटून बसायचं, मग पार गेलंच. वायरमनकडनं बटन काढून डायरेक्ट करून घेतलं. दिवाळीचं काम हाय, कोण थांबतंय का?"

"मला का नाही सांगितलं?"

"बोंबलली असतीस की."

बोंबलले असतेच. तिथेही बोंबलले. पण काम थांबवणं त्याला शक्य नव्हतं आणि बटण सोलापुरात मिळत नव्हतं, बाहेरून मागवावं लागणार होतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्याबरोबर जायला लागले. शिलाईचं मशीन तर नेता येत नाही, म्हणून शिलाई कमी केली आणि टॉवेलचे धागे कापायचं काम जास्त घेतलं. गठ्ठा मांडीवर घेऊन बोर्डाखाली बसते. लाइट गेली की उठते, पिन काढते. त्याचं लाकूड काढून झालं, तो बाजूला झाला, की परत लावते. मोरीकडे जायचं झालं तरी आधी पिन काढून जाते. तो ओरडतो, चालू काम बंद पाडलंस म्हणून. ओरडू दे.

फ्लॅटच्या मालकीणबाई एकदा म्हणाल्या, "किती जीव आहे हो तुमचा त्यांच्यावर! दिवसभर सोबत असता." मी हसले आणि पुढच्या टॉवेलचे धागे कापायला घेतले.

दिवाळी झाली, दुसऱ्या साइटवर काम लागलं आणि बटण आलं. मीच जाऊन घेऊन आले. प्लास्टिकच्या पुडीत, कोरं करकरीत, हिरवं आणि लाल. त्याच्यापुढे ठेवलं तर म्हणाला, "ठिव तिकडं. चाललंय की मशीन. डायरेक्टवर लई झकास चालतंय, मदीच बंद पडत न्हाय."

"आणि लाइट गेल्यावर?"

"तू हायेस की."

किती सहज म्हणाला! त्याच्या दृष्टीने त्यात कौतुक होतं, विश्वास होता, बहुतेक प्रेमसुद्धा होतं. मी वायरमनला परस्पर गाठलं. तो म्हणाला, "काकू, मिस्त्री म्हनतील तवा येतो." दोघांनी मिळून मला बसवलं आहे बोर्डाखाली. पुडी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेली आहे. दिवा लावताना रोज दिसते.

मीच निवडलेलं बटण, आणि आता त्याच्या जागी मी. बटणाला कंटाळा येत नाही, डुलकी लागत नाही, माहेरी लग्न निघत नाही. मला हे सगळं आहे. कधीकधी धागे कापता कापता मनात येतं, आज लाइट गेली आणि मी उठलेच नाही तर? तसं मनात आलं की कात्री खाली ठेवते, आणि लाइट असली तरी एकदा उठून पिनेला हात लावून येते.

पहिले काही दिवस मला वाटायचं, हात घालायच्या आधी तो एकदा तरी मागे वळून बघेल, "काढलीस का?" असं विचारेल. तेवढं विचारलं असतं तरी माझा अर्धा राग गेला असता.

काल परत लाइट गेली. मी मांडीवरचा गठ्ठा बाजूला ठेवला, उठले, पिन काढली. वळून बघते तर त्याचा हात आधीच आत गेलेला होता.